मणक्यात गॅप सापडला, पण पाठीला हात कोणी लावला?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात कोणाची ना कोणाची कंबर धरलेली आहे, म्हणजे आपल्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येकाने, ती शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

मी हाडांचा डॉक्टर. गेली २० वर्षं याच तालुक्यात प्रॅक्टिस करतोय. शेतात घसरलेले, ओझं उचलताना चमक भरलेले, गतिरोधकावरून गाडी आदळलेले, स्लॅबवरून पडलेले असे लोक रोज येतात. त्यातले बरेचसे आधी एक-दोन दवाखाने फिरून आलेले असतात. काखेत मोठं पाकीट असतं, त्यात एमआरआयच्या फिल्म. खुर्चीवर टेकायच्या आत सांगतात, "डॉक्टर, मणक्यात गॅप आहे. एल-चार एल-पाच."

मी पाकीट बाजूला ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो. शर्ट वर करून तुमच्या पाठीला हात लावून कोणी बघितलं का?

उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं. कधी कधी पेशंट माझ्याकडेच चमकून बघतो, की हा काय विचारतोय. एवढा एमआरआय काढलाय आणि हा पाठीला हात लावायचं म्हणतोय!

मला आज याच विषयावर बोलायचंय. मार लागलेल्या कंबरेची हाताने तपासणी हा आपल्याकडून हळूहळू निसटत चाललेला हक्क आहे. पेशंटला त्याची किंमत पैशात मोजावी लागते, आणि कधी कधी पायातल्या ताकदीत.

आधी ते 'गॅप' प्रकरण मिटवू. आपल्याकडे हा शब्द इतका रुळलाय की लोक लग्नपत्रिकेसारखा सगळीकडे वाटतात. प्रत्यक्षात एक्स-रेमध्ये काय दिसतं? दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसते. जागा वाढलेली नसते. म्हणजे जो गॅप असायला हवा तो कमी झालाय, आणि आपण म्हणतो गॅप पडला. तसंच 'गादी सरकली'. दोन मणक्यांमधली गादी साबणाच्या वडीसारखी सटकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. ती फुगते, झिजते, कधी तिचं आवरण फाटून आतला मऊ भाग बाहेर येतो. तो नसेवर आला तर त्रास होतो, नाही आला तर माणसाला पत्ताही लागत नाही.

पत्ता लागत नाही हे मी मनाने सांगत नाहीये. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबरेचा कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचे ३३ अभ्यास त्यात एकत्र केले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, आणि ३० टक्के लोकांच्या फुगलेल्या. ऐंशीच्या घरात हेच आकडे ९६ टक्के आणि ८४ टक्के. पुन्हा सांगतो, या लोकांची कंबर दुखत नव्हती. वय झालं की केस पांढरे होतात तशा गाद्या झिजतात. उद्या तुम्ही पारावर बसलेल्या, एकही गोळी न खाणाऱ्या दहा म्हाताऱ्यांचा एमआरआय काढलात, तर दहाच्या दहा रिपोर्टमध्ये काहीतरी निघेल.

म्हणजे फोटोत दिसतंय ते आणि दुखतंय ते एकच आहे की नाही, हे फोटो सांगत नाही. ते तपासणी सांगते.

आता तपासणी म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो. कारण काय मिळायला हवं हे माहीत नसेल तर मागणार काय?

तपासणी सुरू होते पेशंट दारातून आत येतो तेव्हा. तो कसा चालतो, एका बाजूला कलला आहे का, बसताना खुर्चीचे हात धरतो का, हे बघायचं. मग विचारायचं. कधी पडलात, किती उंचीवरून, कशावर आदळलात. पडल्यावर उठून चालता आलं का. पायात मुंग्या येतात का. आणि एक प्रश्न कधीच चुकवायचा नाही: लघवी-संडास नीट होते का?

मग कपडे बाजूला करून पाठ उघडी बघायची. खरचटलंय का, काळंनिळं झालंय का, सूज आहे का, कणा सरळ आहे का. त्यानंतर हात. मणक्याची मधली हाडं वरून खाली एकेक करून दाबायची. मधल्या हाडावर एका ठरावीक ठिकाणी बोट ठेवलं आणि पेशंट दचकला, तर हाड मोडलंय का हा संशय घ्यायचाच. बाजूचे स्नायू दगडासारखे ताठ झाले असतील आणि मधलं हाड शांत असेल तर बहुतेक वेळा तो लचकच असतो. बरगड्यांच्या खाली मूत्रपिंडाच्या जागी दुखतंय का बघायचं. कंबरेला जबर मार लागला असेल आणि लघवी लाल होत असेल, तर दुखणं कदाचित मणक्याचं नाहीच.

मोठा अपघात नसेल तर वाकायला लावायचं, मागे झुकायला लावायचं. मग झोपवून गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलायचा. ही साधी चाचणी जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे. लासेग नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या विद्यार्थ्याने १८८१ साली ती लिहून ठेवली. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये कळ गुडघ्याखाली, पायात उतरली तर नस दबल्याचा संशय. नुसती मांडीची मागची शीर ताणली तर ती नस नव्हे. आणि चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली, तर संशय आणखी पक्का.

मग ताकद. टाचांवर चालून दाखवा, चवड्यांवर चालून दाखवा. पायाचा अंगठा वर उचला, मी दाबतो. अंगठा उचलायला पाचव्या कंबर-मणक्याची नस लागते. चवड्यावर उभं राहायला तिच्या खालची. रबरी हातोडीने गुडघ्यावर आणि टाचेच्या मागे हलकं ठोकायचं. पिन टोचून किंवा कापूस फिरवून विचारायचं, दोन्हीकडे सारखंच लागतं का. शेवटी, संशय असेल तर, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आहे का ते बघायचं.

एवढं सगळं करायला किती वेळ लागतो? ८ ते १० मिनिटं. लागतं काय? एक पलंग, एक पडदा, एक हातोडी, एक पिन. वीज गेलेली असतानाही होतं.

आता हे केलं आणि न केलं, यात फरक काय पडतो ते दोन माणसांवरून सांगतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पहिला सेंट्रिंगचं काम करणारा पोरगा. स्लॅबवरून उभाच्या उभा खाली आला. टाच मोडली. एका दवाखान्यात टाचेचा एक्स-रे झाला, प्लास्टर झालं. कंबर दुखते म्हणाला, तर "पडल्यावर दुखणारच, मुका मार आहे" म्हणून इंजेक्शन दिलं. खरं तर उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाची कंबर तपासायचीच, हे डॉक्टरकीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. टाचेवर आलेला दणका तिथेच थांबत नाही, सरळ वर कण्यात जातो. छाती आणि कंबर जिथे जुळते, तिथले मणके दबतात. दुसऱ्या दिवशी त्याला लघवी होईना. घरच्यांना वाटलं गोळ्यांची गरमी. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला. पाठीवर बोट ठेवलं तर किंचाळला. बसायची जागा बधिर होती. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पाठवला, ऑपरेशन झालं. आज तो चालतो. पण लघवीसाठी आजही नळी वापरतो. वय २६. या नसा दबल्या की तासांचा हिशेब असतो. पहिल्या ४८ तासांच्या आत मोकळ्या केल्या तर आशा जास्त. त्याचे ते तास टाचेच्या प्लास्टरकडे बघण्यात गेले.

दुसरा टेम्पो ड्रायव्हर, वय ३४. खताचं पोतं उचलताना कंबरेत कट्कन झालं. तिसऱ्याच दिवशी एमआरआय, फुगलेली गादी, आणि "ऑपरेशन करून टाका, नाहीतर पाय जाईल" असा सल्ला. बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवायची बोलणी चालली होती. मी तपासलं. दोन्ही पाय ८० अंशांपर्यंत मजेत वर. ताकद पुरी. हातोडीचे झटके दोन्हीकडे सारखे. कुठे बधिरपणा नाही. त्याचा पाय कुठेही जाणार नव्हता. दोन-चार दिवस वेदनाशामक गोळ्या, मग रोज चालणं, हळूहळू व्यायाम. पाचव्या आठवड्यात तो गाडीवर होता. अशा साध्या लचकीतले बहुतेक लोक काही आठवड्यांत असेच बरे होतात. पंधरा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं तर उलट उशिरा बरे होतात.

एकाचा आजार राहून गेला, दुसऱ्याला नसलेला आजार चिकटवला. दोघांच्या बाबतीत राहिलं काय? तीच १० मिनिटं.

बायकांच्या बाबतीत तर आणखी अवघड. साडीवरून, पदरावरून, ड्रेसवरून "इथे दुखतं का" एवढ्यावर तपासणी संपते. बाथरूममध्ये घसरून पडलेल्या एक मावशी आल्या होत्या. पडल्यानंतर आठवड्याने कंबरेच्या एका बाजूला आग व्हायला लागली. एमआरआय झाला, पट्टा लागला, आग थांबेना. माझ्याकडच्या सिस्टरांनी आडोसा करून पदर बाजूला केला, तर कंबरेवर फोडांची रांग. नागीण होती! पडण्याशी तिचा काही संबंधच नव्हता. पाच-सहा हजारांच्या मशीनला ते दिसलं नाही, कारण मशीन कातडी बघत नाही. साठीच्या पुढच्या बाईचं हाड ठिसूळ असतं. एसटीच्या मागच्या सीटवर एक धक्का बसला तरी मणका दबू शकतो. तिची पाठ बोटाने चाचपायलाच हवी.

लाज वाटते हे मान्य. पण त्यावर उपाय आहे, आणि तो नियमातही आहे. महाराष्ट्राच्या सुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली सुधारणा झाली, आणि रुग्ण हक्कांची सनद खासगी रुग्णालयात दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णासोबत दुसरी स्त्री हजर असणं हा रुग्णाचा हक्क मानलेला आहे. तेव्हा ताई, काकू, आजी, हक्काने सांगा. सिस्टरला बोलवा, पडदा लावा, आणि मग नीट तपासा.

मग हे होत का नाही? सगळा दोष डॉक्टरांवर ढकलून मी मोकळा होणार नाही.

एक, वेळ. २०१७ साली ६७ देशांतल्या डॉक्टरांच्या वेळेचा अभ्यास आला होता. स्वीडनमध्ये एका पेशंटला सरासरी २२.५ मिनिटं मिळतात, बांगलादेशात ४८ सेकंद. आपला आकडा २ मिनिटांच्या आसपास होता. २ मिनिटांत बुटाची नाडी सुटत नाही, कंबर काय तपासणार? सरकारी ओपीडीत एकटा डॉक्टर शंभराच्या वर पेशंट बघतो, त्याला शिव्या देऊन काही होणार नाही.

दोन, पैसा. १० मिनिटं हाताने तपासल्याचे डॉक्टरला दीडशे-दोनशे मिळतात. एका चिठ्ठीवर एमआरआयला पाठवलं की काही ठिकाणी पाकीट घरपोच येतं. सगळे घेत नाहीत. पण घेणारे आहेत हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. या कट प्रॅक्टिसविरुद्ध कायदा करायचा म्हणून राज्य सरकारने २०१७ साली समिती नेमली, मसुदाही तयार झाला. तो मसुदा कुठल्या कपाटात आहे, हे आपल्या आमदारांना कोणीतरी विचारा.

तीन, आपण स्वतः. राग मानू नका, पण हातोडी मारून, पाय उचलून, "काही गंभीर नाही, फोटोची गरज नाही" असं सांगितलं की पेशंटचा चेहरा पडतो. "डॉक्टरने नुसतं हात लावून पाठवलं" अशी तक्रार गावभर होते. मशीनमध्ये घातल्याशिवाय तपासलं असं वाटतच नाही. काही डॉक्टर केवळ या दबावापोटी फोटो लिहून देतात. काही भीतीपोटी. उद्या भांडण झालं, केस झाली, तर दाखवायला कागद असावा म्हणून.

एमआरआयला माझा विरोध नाही. माझ्याच चिठ्ठीवर दर आठवड्याला लोक त्यासाठी मिरजेला, कोल्हापूरला जातात. पायाची ताकद कमी झाली, लघवी अडकली, हाड मोडल्याचा संशय आला, ताप-वजन घटण्यासारखी टीबी किंवा कॅन्सरची शंका आली, तर एमआरआय तातडीनेच हवा. पण तो तपासणीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हवा. प्रश्नच विचारला नाही, तर उत्तराचा उपयोग काय?

आता सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा. कामावर जखमी झालेल्यांचा.

बांधकामावर, कारखान्यात, ऊसतोडीत कंबरेला मार लागला तर भरपाईचा हक्क कामगाराला १९२३ च्या कायद्यापासून आहे. पण तो हक्क उभा राहतो कशावर? पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर. आणि त्यावर लिहिलेलं असतं, "कंबरदुखी, गोळ्या दिल्या." कुठे मार, पायात ताकद किती, बधिरपणा कुठे, काही नाही. सहा महिन्यांनी समोरचा वकील विचारतो, हे दुखणं त्याच अपघाताचं कशावरून? एमआरआय दाखवला तर तो म्हणतो, अशी झीज सगळ्यांनाच असते. आणि तेही खोटं नाही! पहिल्याच दिवशी कोणीतरी "डाव्या पायाचा अंगठा उचलण्याची ताकद कमी" एवढी एक ओळ लिहिली असती, तर त्या माणसाच्या हातात काहीतरी राहिलं असतं.

उलट बाजूनेही अन्याय होतो. "नाटक करतोय" हा शिक्का. गॉर्डन वॅडेल नावाच्या हाडांच्या डॉक्टरने १९८० साली काही खुणा सांगितल्या. या खुणा दिसल्या तर दुखण्यात शरीराबरोबर मनाचाही भाग आहे का ते बघावं, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे त्याच खुणा खोटारडे पकडायचं यंत्र म्हणून वापरल्या गेल्या, आणि असं करू नका हे खुद्द वॅडेल यांना सांगावं लागलं. घाबरलेला, कामावरून काढून टाकतील म्हणून धास्तावलेला माणूस हात लावायच्या आधीच ओरडतो. तो खोटा नसतो, घाबरलेला असतो. हे ओळखायलाही त्याच्याजवळ १० मिनिटं बसावं लागतं.

तर मागण्या काय?

१. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात तपासणीचा पलंग, त्याला पडदा आणि बाई पेशंटसाठी एक महिला मदतनीस हवी. रुग्ण कल्याण समितीवर आपलेच लोक बसतात. चौकात लागलेल्या एका वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या खर्चात पडदा येतो. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.

२. अपघाताच्या प्रत्येक केसपेपरवर चार ओळी हव्यातच: मार कुठे, ताकद, संवेदना, लघवी. रबरी शिक्का करून घ्या, रिकाम्या जागा भरा. एक मिनिटाचं काम आहे.

३. मुकादम, ठेकेदार, बांधकाम मालक यांनी ऐकावं. उंचावरून पडलेल्या माणसाला काखेत धरून उभा करू नका. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर तीन-चार जणांनी मिळून, डोकं-पाठ-पाय एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसा फळीवर घ्या.

४. पायाळू माणसाची लाथ. हसू नका, आजही चालतं. नुसती उसण भरली असेल तर ती दोन दिवसांत तशीही जाते, लाथेला श्रेय मिळतं. पण पडल्यानंतर, मार लागल्यानंतर लाथ नको, हाडवैद्याची ओढाताण नको, जोराची मालीशही नको. आत हाड मोडलं असेल तर ती लाथ आयुष्यभर पुरेल.

आणि तुमच्यासाठी, घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कंबरेला मार लागल्यावर लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोनला निघायचं. बाकी वेळी डॉक्टरसमोर बसलात की फाईल पुढे करण्याआधी एवढंच म्हणा: "डॉक्टर, आधी एकदा हाताने तपासता का?"

चांगल्या डॉक्टरला या वाक्याचा राग येणार नाही. त्यालाही हेच करायचं असतं, रांगेने त्याला विसरायला लावलंय. आणि ज्याला राग येईल, त्याच्याबद्दल तुम्हाला जे कळायचं ते कळेलच.

सहमत असाल तर पोस्ट पुढे पाठवा. बांधकामावरच्या, कारखान्यातल्या, टोळीतल्या ग्रुपवर आवर्जून टाका. नसाल तर खाली मोकळेपणाने लिहा. डॉक्टर मित्रांनीही लिहावं. आपल्या रांगा कमी कशा करायच्या, यावर बोललो तर जास्त बरं होईल.